गणित सुटू दे

परिचारिका विद्यालयाच्या वसतिगृहात तिला तिच्या खऱ्या नावाने कोणीही हाक मारीत नसे. ती 'घोकी' होती. हे नाव प्रथम कोणी ठेवले याविषयी वसतिगृहात मतभेद होते. ते तिला शोभते याविषयी मात्र एकमत होते. चादरी ताणून बसवताना, थर्मामीटर पुसताना, जिना चढताना तिचे ओठ सतत हलत असत आणि त्या ओठांवर एकच वाक्य असे : "हवं ते वर, असलेलं खाली."

औषधाची मात्रा काढण्याच्या गणिताचा हा पहिला नियम. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा एक असते, कपाटातल्या बाटलीवर छापलेली दुसरीच असते. तेव्हा पिचकारीत नेमके किती ओढायचे, हे परिचारिकेने ठरवायचे. हवी असलेली मात्रा रेघेच्या वर मांडायची, बाटलीतली खाली मांडायची, आणि भागाकार करायचा. नियम इतका सरळ की शिकवणाऱ्या बाई तो फळ्यावर एकदाच लिहीत आणि पुसून टाकीत. घोकीला तो झोपेतून उठवले तरी म्हणता आला असता. तिची अडचण वेगळी होती. प्रश्नपत्रिका समोर आली, म्हणजे दिलेल्या आकड्यांपैकी हवे ते कोणते आणि असलेले कोणते, हेच तिला उमगेनासे होई. वरचे खाली जाई, खालचे वर येई, आणि मग ते उलटे गणित ती सुवाच्य अक्षरात, एकही पायरी न गाळता, शेवटपर्यंत तडीस नेई. तिचे उत्तर थोडेसे कधी चुकतच नसे. चुकले की पार उलटे.

बाकीचे सगळे विषय तिने केव्हाच पार केले होते. जखम धुण्यात तिचा हात इतका हलका होता की किरकिरे म्हातारे मलमपट्टीच्या वेळी मुद्दाम तिलाच बोलावून घेत. "ती पुटपुटणारी पोरगी पाठवा," असा त्यांचा निरोप असे. राहिला होता तो हा एकच पेपर. विद्यालयाने ठरवून दिलेल्या संधी तिने एकेक करून संपवल्या होत्या आणि आता शेवटची उरली होती. ती हुकली, तर पटावरून नाव कमी होणार, खोली रिकामी करावी लागणार, आणि अंगावरचा पांढरा पोशाख परत द्यावा लागणार होता.

तो पोशाख तिच्यापेक्षाही तिच्या वडिलांना अधिक प्रिय होता. वडील त्याच रुग्णालयात स्ट्रेचर ढकलीत. स्ट्रेचरचे एक चाक कुरकुरत असे; त्या आवाजावरून ते कोणत्या मजल्यावर आहेत हे सगळ्यांना कळे. वडील मागून ढकलीत, आणि पुढचे टोक त्यांचा जोडीदार ओढी. हा जोडीदार उंच, किडकिडीत आणि जिभेने तिखट होता.

"काय रे, झाली का तुझी सिस्टर? का अजून घोकतेच आहे?" तो मागे न वळता विचारी.

"होणार. तू पुढं बघ. मागल्या वेळी दाराची चौकट काढली होतीस."

"चौकट निदान एका फटक्यात निघाली."

वडील हसत. बायको गेल्यावर त्यांनी या मुलीला वाढवले ते आपल्या मोठ्या बहिणीच्या आधाराने. आणि ज्या जिन्यांवरून आपण उभा जन्म दुसऱ्यांना वाहून नेले, त्या जिन्यांवरून आपली मुलगी डोक्याला पांढरी टोपी लावून रिकाम्या हातांनी चढेल, एवढे एकच स्वप्न त्यांनी बाळगले होते. मुलीला हे ठाऊक होते. त्यांनी तसे बोलून दाखवले असते, तर एखादे वेळी तिला ते इतके जड झाले नसते.

प्रत्येक नापासानंतर घोकी स्वतःला सुधारायला घेई. एका मासिकात 'विद्यार्थ्यांनी रोज काय करावे' अशा मथळ्याचा लेख आला होता. तो कापून तिने पलंगाच्या डोक्याशी चिकटवला होता. पहिल्या नापासानंतर ती पहाटे उठू लागली. दुसऱ्यानंतर त्याही आधी. मग चहा सोडला, कारण चहाने मन चंचल होते. मग तळलेले सोडले, कारण त्याने बुद्धीला जडपणा येतो. मग दुपारचे टेकणे, मग मैत्रिणींबरोबर गच्चीवर कपडे वाळत घालताना चालणाऱ्या गप्पा, मग गाणे गुणगुणणे. लेखात असे काही सोडायला सांगितले नव्हते. तिथे फक्त 'एकाग्रता वाढवावी' एवढेच होते. ती कशी वाढवावी हे न कळल्यामुळे तिने बाकीचे सगळे कमी करीत नेले. अखेरीस तिच्यात तो नियम तेवढा उरला, आणि तोही ऐन वेळी उलटा होई.

तिला कोणावर रागावण्याचीही सोय नव्हती. एकदा वॉर्डात सरावाच्या वेळी तिने एका मुलासाठी पिचकारी भरली. पलीकडे उभ्या असलेल्या बाईंनी एक नजर टाकली आणि काही न बोलता तिचे मनगट धरून पिचकारी काढून घेतली. मुलाच्या आईला काही कळलेही नाही. ती घोकीकडे बघून कृतज्ञतेने हसली. नंतर खोलीत बाई म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे. स्वभाव चांगला आहे. पण मी तुला एका मार्कानेसुद्धा वर ढकलणार नाही. तो मार्क कुणाच्या तरी शिरेत जातो."

"मला पटतं, बाई," ती म्हणाली, आणि तिला खरोखरच पटले होते. तेच वाईट होते. त्या आईचे हसू तिच्या डोळ्यांसमोरून हलत नसे, आणि त्या हसण्याखाली ती पुन्हा पुन्हा आकडे मांडून पाही.

शेवटच्या परीक्षेला काही दिवस उरले असताना ती एका दुपारी वॉर्डातून पोशाखातच आत्याकडे गेली, ती भुतासारखी. डोळ्यांखाली काळे, बोटांना कंप. आत्याचे चौकाच्या कोपऱ्यावर पाल्याचे दुकान होते. पुदिना, बडीशेप, तमालपत्र, वाळलेल्या फुलांचे झुबके, मुळ्यांच्या जुड्या. अर्धी गिऱ्हाइके स्वयंपाकासाठी येत आणि मोठ्याने बोलत. उरलेली इकडेतिकडे बघून आवाज खाली आणीत. कोणाचा नवरा घरी परतत नसे, कोणाचे मूल दचकत असे. आत्या त्यांचे ऐकून घेई, एखादे पान निवडी, त्यावर काही पुटपुटे, आणि ते देठापासून टोकापर्यंत शिरेवरून फाडून दोन भाग करी. एक भाग काढ्यात, एक भाग माणसाच्या अंगावर. त्याचा गुण येतो असे पुष्कळजण म्हणत. ज्यांना येत नसे ते गप्प बसत, कारण आपण तिथे गेलो होतो हे सांगायची त्यांना लाज वाटे.

त्या दिवशी वडीलही तिथेच होते. दुकानाच्या फळीवर बसून ते बडीशेप चघळीत होते.

आत्याने भाचीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "झोपतेस का गं?"

"झोपायला वेळ कुठाय, आत्या?"

"मग डोक्यात शिरायचं कुठून? दार लावून घेतलंयस आणि वर म्हणतेस पाहुणे येत नाहीत." तिने मागच्या जुडीतून एक मुळी ओढून काढली. त्या मुळीला ओल्या मोज्यांसारखा वास होता. "हिचा काढा देते. झोप लागेल. आणि पानही देते."

"ताई, तुझा पाला तुझ्यापाशी ठेव," वडील म्हणाले. "ती सिस्टर होणारे. रुग्णालयात कळलं तर हसतील तिला."

"तुला दाढदुखीला लवंग कोण देतं रे? रुग्णालय?"

"लवंग वेगळी. लवंगेवर तू पुटपुटत नाहीस."

"तुझ्यासमोर नाही पुटपुटत. तुझं तोंड उघडं असतं ना, शब्द उडून आत जायचा."

आत्याने टोपलीतून एक अखंड तमालपत्र शोधले, ओठांशी नेले, आणि घोकीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हटले, "हिचं गणित सुटू दे. सुटू दे. सुटू दे."

वडील फसकन हसले. "अगं, काय सोडायचं ते नीट सांग त्याला! पाला तो, त्याला काय कळतंय? गणित सुटायचं ते पोरीच्याच हातून सुटायचं."

"गप रे मेल्या. शुभ बोल."

पान शिरेवरून फाडले गेले. अर्धे भांड्यात पडले, अर्धे आत्याने भाचीच्या पोशाखाच्या खिशात सरकवले. घोकी हसली नाही. तिचा अशा गोष्टींवर विश्वास होता का, असे कोणी विचारले असते तर तिने नाही म्हटले असते. पण अर्धे पान तिने खिशातून काढले नाही.

पुढच्या काही संध्याकाळी रुग्णालयातून सुटल्यावर ती आत्याकडे जेवायला जाई. जेवण झाले की आत्या आतल्या खोलीतून अर्धा पेला काढा तयार करून आणी आणि समोर बसून तो संपवायला लावी. घोकी तिथेच पडे आणि सकाळी आत्या भांडी घासू लागली की उठे. झोप येई ती साधी, स्वप्नांशिवायची. बोटांचा कंप थांबला. एका सकाळी तर ती केस विंचरताना गुणगुणली, आणि आपण काय करतो आहोत हे लक्षात येताच अपराधी होऊन थांबली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मात्र सर्व विद्यार्थिनींनी वसतिगृहात हजर असावे असा नियम होता. आत्याने एक छोटी बाटली तिच्या हातात दिली. "हा जाडा काढा आहे. पातळ करून ठेवला की बिघडतो, म्हणून तसाच दिलाय. घेताना एकास तीन कर आणि रोजच्यासारखा अर्धा पेला घे. जास्त नको. एकास तीन. ऐकलंस?"

"ऐकलं."

"म्हण."

"एकास तीन."

आत्याचे समाधान झाले. वाटेत घोकी ते म्हणतच चालली. एकास तीन, एकास तीन, एकास तीन. घोकण्याचा तिचा हातखंडा होता. आणि कोणताही शब्द पुरेसा घोकला की त्यातला अर्थ गळून जातो व नुसता नाद उरतो, हे तिच्या कधी ध्यानात आले नव्हते. वसतिगृहाच्या फाटकाशी पोचेपर्यंत तो नाद तिला पक्का पाठ झाला होता.

खोलीतली मैत्रीण जेवायला खाली गेलेली पाहून तिने दार लोटून घेतले. औषधे मोजायचा रेघांचा पेला समोर ठेवला. मग थबकली. एक कशाचा आणि तीन कशाचे? मैत्रिणीला विचारावे, तर आधी काढ्याची आणि पानाची गोष्ट सांगावी लागली असती. आत्याचे घर चौकापलीकडे, आणि फाटक बंद झालेले. तिने स्वतःला सावरले. ही तर साधी गोष्ट आहे, आपण उद्या याहून कठीण सोडवणार आहोत, असे स्वतःला बजावले. औषध ते महत्त्वाचे. तेव्हा औषध जास्त असणार, पाणी नावाला. तिने एक भाग पाणी घेतले, तीन भाग काढा घातला, रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून पुन्हा तपासली, आणि अर्धा पेला होईल इतकेच घेतले. काढा नेहमीपेक्षा कडू लागला. उद्याचा दिवसही नेहमीचा नव्हता. तिला ते योग्यच वाटले. पोशाख बदलायच्या आधीच तिचा डोळा लागला.

सकाळी मैत्रिणीने तिला हलवले. मैत्रिणीला वॉर्डात हजर व्हायचे होते.

"अगं घोके, ऊठ! पेपर आहे ना तुझा?"

"उठले."

"डोळे उघड आधी."

"उघडले."

"बसती हो बघू."

"बसले ना. जा तू," असे स्पष्ट, शहाण्या आवाजात घोकी म्हणाली. ती आडवीच होती. पण खालून मेट्रनची घंटा झाली आणि मैत्रीण धावत सुटली.

घोकीला जाग आली ती व्हरांड्यातल्या हसण्याने. डोके ओल्या गादीसारखे जड झाले होते. काही क्षण तिला फार बरे वाटले. मग शब्द कळू लागले.

"चौथ्याचं काय आलं गं तुझं?"

"अडीच."

"बाई गं! माझं पाच आलंय. मेले मी."

"तू नाही, पेशंट मेला तुझा."

पुन्हा हसणे. चप्पलांचे आवाज जिन्याकडे गेले.

घोकी उठून बसली. सकाळचे ऊन तिच्या मेजावर पडत असे. आता मेजावर ऊन नव्हते. मेजावर टोक केलेल्या पेन्सिली, पट्टी आणि प्रवेशपत्र ओळीने मांडून ठेवलेले होते. तिने ते प्रवेशपत्र उचलले आणि अनवाणी पळत सुटली. पळताना तिचा खांदा दोनदा भिंतीला घासला. आपण कशासाठी पळतो आहोत हे तिला सांगता आले नसते, कारण जे व्हायचे ते होऊन गेले होते हे तिने नुकतेच स्वतःच्या कानांनी ऐकले होते. तरीही ती पळाली.

परीक्षेच्या दालनात शिपाई खिडक्या लावीत होता. बाई उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला दोरी बांधीत होत्या. त्यांनी गाठ पूर्ण मारली आणि मग मान वर केली.

"बाई, मी झोपले."

"आजारी आहेस?"

"नाही. काढा घेतला होता. आत्याने... झोप यावी म्हणून."

बाईंचा चेहरा बदलला. पण घोकीला वाटले होते तसा नाही. त्या भराभर पुढे आल्या, तिला बाकावर बसवले, पापणी वर उचलून पाहिली, मनगट धरले. वॉर्डात त्या कोणाही रोग्यापाशी अशाच येत. "किती घेतलास? नीट सांग. किती घ्यायला सांगितला होता आणि किती घेतलास?"

"एकास तीन करायला सांगितलं होतं. त्यातला अर्धा पेला."

"एक कशाचा?"

घोकीचे ओठ हलायला लागले आणि थांबले. तिला आत्याची आतली खोली आठवली. रोज संध्याकाळी पेल्यातून खालपर्यंत दिसणारा तांबूस, पातळ काढा आठवला. आणि कालचा, ज्याच्यातून पेल्याचा तळ दिसत नव्हता.

"काढ्याचा एक," ती सावकाश म्हणाली. "पाण्याचे तीन. मी उलटं केलं, बाई. पाणी एक आणि काढा तीन."

"मग किती पट घेतलास?"

तिने डोळे मिटले. समोर रेघ नव्हती, वर नव्हते, खाली नव्हते. एक पेला होता आणि त्यातले कडू पाणी तिच्या पोटात होते. "चार भागांत काढा एक हवा होता. तीन होता. पेला तेवढाच. म्हणजे तिप्पट."

"म्हणजे किती संध्याकाळींचा एकदम गेला?"

"तीन."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

या विषयात हा शब्द तिच्या वाट्याला प्रथमच आला होता. बाईंच्याही ते लक्षात आले असावे. त्यांनी तिचे मनगट सोडले नाही, नाडी मोजून झाली होती तरी. शिपाई शेवटची खिडकी लावता लावता थबकला.

"बाई," घोकी म्हणाली, "एकच प्रश्न घाला. कोणताही. इथंच, उभ्याउभ्या सोडवते. मला आता दिसतंय. मला आत्ता दिसतंय हो, बाई."

"मलाही दिसतंय."

"मग?"

बाईंनी बांधलेल्या गठ्ठ्याकडे पाहिले. "वेळ संपल्यावर आलेल्या मुलींना मी आजवर परत पाठवलंय. एकीला ताप होता. एकीची आई गेली होती." त्यांनी गठ्ठा उचलून काखेत घेतला. "पेपर सुटला, पोरी. आता वॉर्डात जाऊन पड. भरपूर पाणी पी. दिवसभर कुणीतरी तुझ्याजवळ असलं पाहिजे."

बाई कोणालाही पोरी म्हणत नसत. त्या शब्दाने तिची उरलीसुरली आशा संपली.

ती भिंतीच्या आधाराने व्हरांड्यात आली, तोच कुरकुरणाऱ्या चाकाचा आवाज आला. वडिलांनी केस पाणी लावून चापून बसवले होते. या व्हरांड्यात स्ट्रेचर आणण्याचे काही कारण नव्हते. सकाळपासून ते रिकामे स्ट्रेचर घेऊन इथूनच ये-जा करीत होते, आणि जोडीदार त्यावरून त्यांना बोलून बोलून थकला होता.

"काय गं?" त्यांनी लांबूनच विचारले. "सुटलं का गणित?"

"सुटलं, बाबा," ती म्हणाली.

ते खरेच होते. आत्ताच, आत, जन्मात प्रथमच सुटले होते, आणि त्या भरात तिच्या तोंडून तेच बाहेर पडले. त्या शब्दाला दुसरीही बाजू आहे हे तिला कळेपर्यंत वडिलांचा चेहरा असा फुलला होता की तिला तोंड उघडता येईना.

"ऐकलंस रे?" ते जोडीदारावर ओरडले. "ऐकलंस? सुटलं म्हणते!"

"ऐकलं. बहिरा नाही मी. आता ठोका सलाम रोज सकाळी."

"ठोकशीलच! अगं, ही बघ कशी पांढरी पडलीय. जागरणं करून करून. बस, बस यावर. आडवी हो. आजवर परक्यांना फिरवलं, आज आमच्या सिस्टरला फिरवतो. ओढ रे पुढचं."

तिला भोवळ येत होती. त्यांनी धरून बसवले तशी ती बसली, निजवले तशी निजली. चाक कुरकुरू लागले. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून मागे सरकू लागले. वडील वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला हाक मारीत होते. सफाईवाल्या मावशींना, रक्त तपासणाऱ्याला, लिफ्टपाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला. तिने पोशाखाच्या खिशात हात घातला. अर्धे पान चुरगळून त्याचे तुकडे झाले होते.

"बाबा."

"बोला, सिस्टर."

ती वर पाहत होती. खालून वडिलांची हनुवटी दिसत होती, दाढी करताना झालेल्या लहानशा जखमेसह.

"तुम्ही त्या दिवशी आत्याला म्हणाला होतात ना? काय सोडायचं ते पाल्याला नीट सांग म्हणून?"

"हो, मग? हसलो होतो मी तिला. आता जाऊन पाया..."

ते बोलता बोलता थांबले. त्यांनी खाली पाहिले. मुलीच्या अनवाणी पायांकडे, हातातल्या, परीक्षेची सही न पडलेल्या कोऱ्या प्रवेशपत्राकडे, मग तिच्या तोंडाकडे. तिने नजर वळवली नाही.

चाकाचा आवाज बंद झाला.

"अरे, काय झालं?" पुढून जोडीदार मागे न वळता म्हणाला. त्याने स्ट्रेचरला एक हिसका दिला. "ढकल की!"